वाढई किती जुना?

बालमित्रांनो, बैलगाडीचं जू मोडलं तर ते दुरुस्त करायला आजोबा कोणाकडे नेतात? पुण्याकडची मुलं म्हणतील, सुताराकडे. पण झरी जामणीची किंवा मुकुटबनची मुलं म्हणतील, "वाढईकडे!" हा वाढई किती जुना असेल, सांगा पाहू? शंभर वर्षं? पाचशे?

चला, लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात जाऊ. डोंगर पोखरून तिथे भलंमोठं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन, केलेलं आहे. छताच्या त्या काळच्या लाकडी कमानी आजही जागच्या जागी आहेत! तिथल्या दारापाशी ब्राह्मी लिपीत एक लेख कोरलेला आहे. दाराचं काम धेनुकाकट गावच्या सामीने, वेणुवासाच्या मुलाने केलं, असं तो सांगतो. आणि हा सामी कोण? तर 'वढकि'. म्हणजेच आपला वाढई! सुमारे दोन हजार वर्षांचा! लेण्यांमध्ये राजांची आणि शेठजींची नावं पुष्कळ आहेत, पण मला हे नाव सर्वांत लाडकं वाटतं, कारण ते काम करणाऱ्याचं आहे.

जुन्नरच्या लेण्यात तर आणखी गंमत आहे. तिथल्या एका लेखात 'कासाकार' भेटतात. ते काशाची भांडी घडवायचे. 'कासाकार' भरभर म्हणून बघा. भरभर म्हणताना मधला 'क' गळतो, आणि उरतो कासार! कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार असाच झाला. त्याच लेखात 'वसकार' आहेत, म्हणजे बांबूकाम करणारे. झरी जामणी तालुक्यात कोलाम बांधव बांबूच्या टोपल्या विणतात ना, तोच हा हुन्नर. त्या काळी एकाच धंद्यातले कारागीर संघटना करत, तिला 'सेणि' म्हणत. लोक सेणीकडे पैसे ठेवत आणि व्याजातून दानधर्म चालवत. म्हणजे बांबू विणणाऱ्यांकडे चक्क बँक होती!

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला हसरा, ठेंगणा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय, कण्हदास सोनाराने केला. सोनाराने, आणि दगडाचा! दागिन्यावर बारीक नक्षी करणारा हात दगडावरही तसाच फिरला. यक्षाच्या गळ्यातले अलंकार बघितले की ते पटतं.

आता काम तुमचं. आजी-आजोबांना विचारा: टोपली विणणारा, भांडी घडवणारा, ढोल मढवणारा, यांना आपल्याकडे काय म्हणतात? घरात कोलामी किंवा गोंडी बोलत असाल, तर त्या भाषांतले शब्द आधी लिहा. वहीत शब्दापुढे गावाचं नाव आणि आजची तारीख टाकायला विसरू नका.