झटका मिनिटाचा, डागडुजी दोन महिन्यांची

हिंगोलीत २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. डॉक्टर होणाऱ्यांना विकृतिशास्त्रात एक वेळापत्रक तोंडपाठ करावंच लागतं: हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूत कधी काय घडतं. त्यातले हे मासले.

पहिलं मिनिट : रक्त अडलं की मिनिटभरातच तेवढा भाग काम थांबवतो. पण मेलेला नसतो!

२० ते ४० मिनिटं : आता पेशी कायमच्या मरू लागतात, आतल्या बाजूनं बाहेरच्या दिशेला. सहाएक तासांत बहुतेक नुकसान होऊन जातं. म्हणून छातीत दाटून आल्यावर ‘पित्त झालंय’ म्हणत ओवा चघळत बसू नये, १०८ लावावा. रक्त अडवणारी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितका स्नायू वाचतो.

अर्धा दिवस : तोवर मेलेला भाग नुसत्या डोळ्यांना ओळखूच येत नाही. शवविच्छेदनात एक रसायन मात्र चहाडी करतं: जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिकटच राहतो. वसमतच्या हळदीला चुना लागावा, तसा रंग पालटतो.

तिसरा ते सातवा दिवस : भक्षक पेशी मेलेला माल उचलतात. पेशंटला हुशारी वाटते, घरी जायचा हट्ट सुरू होतो; पण हृदयाची भिंत याच दिवसांत सर्वांत मऊ असते. क्वचित फाटतेही.

दोन महिने : कोलॅजनचा पक्का व्रण तयार. मजबूत, पण आकुंचन शून्य. त्याच्या वाट्याचं काम शेजारच्या स्नायूवर पडतं आणि हृदय हळूहळू फुगू लागतं.

विषावर औषध : हे फुगणं रोखणारं कॅप्टोप्रिल ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालं. औंढा नागनाथच्या जिल्ह्याला हे पटायला जड जाऊ नये!

अणुबॉम्बची साक्ष : मग व्रणाच्या जागी नवा स्नायू का येत नाही? अणुचाचण्यांतून हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून २००९ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी.

माशाची बाजी : झेब्राफिशच्या हृदयातल्या रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा (जवनिकेचा) पाचवा हिस्सा कापला, तरी दोन महिन्यांत नवा स्नायू तयार! तेवढ्याच काळात माणसाच्या पदरी व्रण पडतो. म्हणून माशाला सवड आहे, आपल्याला नाही.