म्हणींचे मूळ आणि ऐकण्यातील घोटाळे

प्राथमिक शाळेत म्हणी व वाक्प्रचार यांचे अर्थ मुलांकडून पाठ करून घेण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या वस्तूवरून वा रीतीवरून एखादा शब्दप्रयोग निघाला, ती मुलाच्या पाहण्यात नसेल, तर त्याचा कान ओळखीचा शब्द शोधतो आणि त्याला जुळेल असा अर्थ बसवितो. या चुकीचे स्वरूप शिक्षकाने ओळखले, तर तीच अध्यापनाचे साधन होते.

या प्रकाराचा फार जुना दाखला अमरावती जिल्ह्यातच आहे. बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात अचलपूर या एका नावासाठी स्वतंत्र नियम दिला आहे. या नावातील ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होऊन ‘अलचपुर’ असे रूप होते, असे ते सांगतात. खेड्यातील माणूस ‘नुकसान’ या शब्दाचे ‘नुसकान’ करतो, तो हाच व्यापार होय. पुढे एलिचपूर हे रूप रूढ झाले व इंग्रजी दप्तरातही तेच गेले. ईल राजाने वसविले म्हणून एलिचपूर, अशी आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. नावाचा अर्थ लागेनासा झाला की लोक त्याला कथेचा आधार देतात.

म्हणींचेही असेच होते. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ यातील कळसा म्हणजे पाण्याचे भांडे. नळाचे पाणी पाहिलेल्या मुलास तो देवळाचा कळस वाटतो. ‘पाचवीला पुजणे’ यातील पाचवी म्हणजे मूल जन्मल्यानंतरचा पाचवा दिवस. त्या रात्री पूजा करतात व बाळाचे भाग्य लिहिले जाते, अशी समजूत आहे. शाळकरी मुलास मात्र पाचवी म्हटले की इयत्ताच आठवते.

‘पाचावर धारण बसणे’ या प्रयोगातील ‘धारण’ म्हणजे धान्याचा बाजारभाव. रुपयाला मिळणारे धान्य पाच मापांवर आले, म्हणजे महागाईने लोक घाबरून जात, अशी त्याची उपपत्ती सांगतात. ‘अठराविश्वे दारिद्र्य’ या शब्दांत अठरा विश्वे नाहीत. विसा म्हणजे वीस. अठरा विसे म्हणजे ३६०, अर्थात वर्षाचे सर्व दिवस, असा त्याचा उलगडा केला जातो. विशांनी मोजण्याची रीत मागे पडली आणि ‘विसे’ या शब्दाच्या जागी ‘विश्वे’ येऊन बसले. आता हे रूप इतके रूढ आहे, की त्यास अशुद्ध म्हणून खोडणे योग्य नव्हे.

‘सोळा आणे खरे’ याचीही तीच गत होऊ पाहते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली व आणा व्यवहारातून गेला. रुपयाचे सोळा आणे होत, म्हणून सोळा आणे म्हणजे पूर्ण. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलास पिकाची आणेवारी ठाऊक असेल, तर तेथून हा अर्थ सहज सांगता येतो.

हा दोष केवळ मराठी मुलांचा नव्हे. इंग्रजीत फसलेल्या बेतास ‘डॅम्प स्क्विब’, म्हणजे सादळलेला फटाका म्हणतात. अनेक इंग्रज तो ‘डॅम्प स्क्विड’ असा ऐकतात. स्क्विड हा समुद्रातील प्राणी आहे. १९५४ मध्ये सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने बालपणी चुकीच्या ऐकलेल्या गीतातील शब्दांवरून अशा घोटाळ्यांना ‘मोंडेग्रीन’ हे नावच दिले.

मुलाने कळशाचा कळस केला, तर त्यास हसू नये. हसल्याने वर्ग रंजतो, परंतु ते मूल पुन्हा विचारावयास धजत नाही. आणि ज्याने काहीतरी अर्थ लावला, त्याने विचार केलेला असतो. प्रथम त्यास काय वाटले ते विचारावे, मग मूळ वस्तू दाखवावी अथवा फळ्यावर काढावी. घरच्या वडीलधाऱ्यांकडून आठवड्यास एक म्हण विचारून वहीत लिहून आणण्यास सांगावे. एखाद्या म्हणीच्या दोन उपपत्ती मिळाल्यास दोन्ही नोंदवाव्यात. केवळ रंजक आहे म्हणून एकच खरी मानू नये. वर्षअखेर अशा वह्यांतून गावाच्या बोलीचा एक लहानसा कोशच शाळेत तयार होईल.