तीन बाहेर, दोन आत

कुंपणाला पिवळी कण्हेर लावण्यामागचा हिशेब साधा आहे : गुरं तिला तोंड लावत नाहीत. महादेवाला वाहायला फुलं मिळतात, ती वर. तिच्या बियांतलं विष शरीरात गेलं की एका ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. हृदयाचे ठोके बिघडतात ते त्यामुळे. हे प्रथिन म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आवरणात तो बसवलेला असतो.

पेशी ही मुळात गळकी होडी. सोडियम आतल्यापेक्षा बाहेर दहापटीहून जास्त, पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा आत तीसेक पट. दोन्ही आपापल्या उताराने पाझरत राहतात. पंप त्यांना पुन्हा चढावर नेतो. आतल्या बाजूला तोंड उघडून तो सोडियमचे तीन आयन धरतो. एटीपी या पेशीच्या इंधनातला एक फॉस्फेट त्याला चिकटला की आतलं दार मिटतं, सगळ्या प्रथिनाचा आकार पालटतो आणि बाहेरचं दार उघडतं. सोडियम सुटतं, त्या जागी पोटॅशियमचे दोन आयन येऊन बसतात, फॉस्फेट गळून पडतो, तोंड पुन्हा आत. रहाटाचं गाडगं निदान एका खेपेला रिकामं असतं. इथे दोन्ही खेपा भरलेल्या. दोन्ही दारं एकाच वेळी मात्र कधीच उघडत नाहीत. उघडली तर सगळी मेहनत पाण्यात!

हा पंप सापडला खेकड्याच्या पायात. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातले येन्स स्कोउ शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. बधिर करणाऱ्या औषधांचा अभ्यास करता करता ते इकडे वळले. किनाऱ्यावरच्या खेकड्यांचे मज्जातंतू वाटून त्यांनी पाहिलं, तर त्यातलं एक विकर सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असली तरच एटीपी जोमाने फोडत होतं. १९५७च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'पंप' हा शब्दही नाही. पुढच्या वर्षी व्हिएन्नातल्या परिषदेत अमेरिकी संशोधक रॉबर्ट पोस्ट यांनी विचारलं, वाबेनने ते थांबतं का? वाबेन म्हणजे आफ्रिकेत बाणांना लावायचं विष, कण्हेरीच्या विषाच्या भावकीतलं. स्कोउंनी ते नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी आरहूसला फोन करून प्रयोग करायला सांगितला. विकर थांबत होतं, म्हणजे हे विकर हाच पंप. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

पंपाच्या या उपशावर इतरांचाही संसार चालतो. आतड्याच्या पेशीत सोडियम कायम कमी राहतं, म्हणून बाहेरचं सोडियम आत घुसू पाहतं. दुसरं एक प्रथिन त्याला आत घेतं, पण ग्लुकोज सोबत असेल तरच. मागोमाग पाणी येतं. पटकीत आतड्यातून पाण्याची धार लागलेली असतानाही ही वाट बंद पडत नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी बोनगावची छावणी भरली आणि पटकीच्या साथीत शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवलं. रुग्णांना ते पाजण्याचं काम बरेचदा नातेवाईकच करत. तिथला मृत्युदर शेकडा तीसच्या आसपास होता. या उपचाराखालच्या रुग्णांत तो चारच्याही खाली आला.