बार्शीचा मेहबूब, पडद्यावरचा कुंभार

फिरत्या चाकावरच्या त्या वेड्या कुंभाराचं गाणं न ऐकलेला मराठी माणूस सापडणं कठीण. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल आणि त्यांचाच आवाज. चित्रपट ‘प्रपंच’, साल १९६१, दिग्दर्शक मधुकर पाठक. पण या चित्रपटातला कुंभार कोणी उभा केला, असं विचारलं की बैठकीत शांतता पसरते. तो कुंभार म्हणजे शाहीर अमर शेख. ज्याच्या एका हाकेवर मैदानं भरायची, त्याच्या चित्रपटातलं कुंभाराचं गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून यावं, या गोष्टीने मला गेली कित्येक वर्षं पछाडलं आहे. फडक्यांच्या गाण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे: स्वतः रचणारा, स्वतः गाणारा, हाडाचा शाहीर असलेला माणूस चित्रपटाच्या वाटेला गेलाच का, आणि तिथे त्याचं काय झालं?

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे पुढचा अमर शेख, जन्मला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. आई मुनेरबी हीच त्याची पहिली गुरू. तिच्याकडे लोकगीतांचा साठा होता, आणि शेख यांच्या रचनेतला मराठी बायाबापड्यांच्या बोलीचा ठसका तिच्याकडून आलेला आहे, हे त्यांच्याबद्दल लिहिणारे सगळेच मान्य करतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे शाहिरीचं मूळ सांगताना सरळ पेशवाईत जायची सवय आहे. सोलापूरचा म्हटला की रामजोशी, मग होनाजी, मग प्रभाकर. बार्शीतल्या एका गरीब मुसलमान बाईच्या तोंडची गाणी या वंशावळीत कुठेच बसत नाहीत. अमर शेखांचं घराणं सांगायचं, तर ते मुनेरबीपासूनच सांगावं लागेल.

तेव्हाची बार्शी म्हणजे कुर्डुवाडीहून निघणाऱ्या छोट्या रेल्वेचं गाव, धान्याची पेठ, भगवंताचं देऊळ, आणि पलीकडे निजामाची हद्द. पोरगा तिथे पाणक्या झाला, मोटारीवर क्लीनर झाला, शेवटी गिरणीत लागला. जिल्ह्याची हवाही तापलेली होती. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. तेव्हा मेहबूब चौदा वर्षांचा होता. पुढे गिरणीतल्या संपात तो पुढे झाला, विसापूरच्या तुरुंगात गेला, आणि तिथल्या सहवासात कम्युनिस्ट होऊन बाहेर पडला.

इथवरचं चरित्र त्या काळच्या पुष्कळ कार्यकर्त्यांचं आहे. कोल्हापूरचा टप्पा मात्र फक्त त्यांचा. चरित्रकार तो एका ओळीत उरकतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुरुंगानंतर मेहबूब पटेल मास्टर विनायकांच्या स्टुडिओत कामाला लागला, आणि तिथेच त्याचा ‘अमर शेख’ झाला. म्हणजे ज्या नावाने त्याला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, ते नाव चित्रपटाच्या आवारातलं आहे.

त्या आवारात कोण कोण होतं ते पाहा. १९३६ साली बाबूराव पेंढारकर, विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ची कथा आचार्य अत्र्यांची, आणि त्याच चित्रपटात माडगूळचा एक होतकरू पोरगा किरकोळ भूमिकेत पडद्यावर आला. तो म्हणजे ग. दि. माडगूळकर. आता पुढची सोळा वर्षं ओलांडू. १९५४ साली ‘महात्मा फुले’ आला. दिग्दर्शन अत्र्यांचं, जोतीराव झाले बाबूराव पेंढारकर, सावित्रीबाई सुलोचना, आणि कलाकारांत अमर शेख. या चित्रपटाला मराठीसाठीचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. नंतर १९६१ चा ‘प्रपंच’. तो बेतला होता माडगूळकरांच्या ‘आकाशाची फळे’ या कादंबरीवर. शेखांच्या या दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी विनायकांच्या गोतावळ्यातली माणसं आहेत. अमर शेख चित्रपटात चुकून गेलेले पाहुणे होते, हा समज मला म्हणूनच पटत नाही. ते जिथून निघाले होते, तिथल्याच माणसांत परतले होते.

मधल्या काळात मात्र ते दुसरंच काही झाले होते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. या त्रिकुटाची कामाची वाटणी लोकांनी फार सोपी करून टाकली आहे: अण्णाभाऊ आणि गवाणकर लिहिणारे, अमर शेख गाणारे. या वाटणीवर माझा मोठा आक्षेप आहे. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक शेखांचंच, दोन्ही १९५१ ची. ‘कलश’ हा कवितासंग्रह १९५८ चा, ‘धरतीमाता’ १९६३ चा. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ या नियतकालिकांचं संपादनही त्यांनी केलं. अत्र्यांनी त्यांना रशियन कवीच्या नावाने महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं ते गळ्यासाठी खास नव्हे. पण आवाज इतका मोठा होता की त्याच्या सावलीत कवी झाकला गेला. अण्णाभाऊंना त्यांच्या कथा-कादंबऱ्यांनी तारलं. शेखांना तारायला फक्त कविता होती.

तो आवाज काम कसा करायचा, ते जरा जवळून पाहायला हवं. डफावर थाप पडते, शाहीर वरच्या पट्टीत ओळ उचलतो आणि टोकाला नेऊन सोडतो. मागचे झीलकरी ‘जी जी’ करत ती झेलतात. तेवढ्या दोन-चार मात्रांत शाहीर श्वास घेतो आणि गर्दी न्याहाळतो. पुढच्या रांगेतला कामगार हलला का, मागे कोणी उठून चाललंय का, हे त्याच अवधीत हेरलं जातं आणि पुढच्या ओळीचा वेग ठरतो. कधी ओळ दोनदा येते, कधी गद्य निरूपण लांबतं, कधी आज सकाळच्या सभेतलं नाव पदात येऊन बसतं. ऐकणारा समोर नसेल तर ही कला निम्मी होते. रचणं, गाणं आणि अभिनय या तीन वेगळ्या कला आहेत, ही कल्पनाच शाहिरीला ठाऊक नाही.

सरकारला नेमकं हेच झोंबलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारात गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं आणि कलापथकाच्या तमाशांवर बंदी आली. तेव्हा तमाशाचं लोकनाट्य झालं. त्यात गणातली गणेशाची वंदना गेली, तिच्या जागी मातृभूमी आणि श्रमिक आले, गौळण वगळली गेली. याचं श्रेय अण्णाभाऊंना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण नवा गण लोकांच्या गळी उतरवायला कोणीतरी तो तितक्याच भक्तिभावाने म्हणायला हवा होता. ते काम मेहबूब पटेलचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे, तेव्हा इथे थांबत नाही. अत्र्यांची सभा आणि आधी शेखांचं गाणं, हा क्रम ज्यांनी अनुभवला त्यांनी तो नातवंडांपर्यंत पोचवला आहे.

तर हा माणूस १९६१ साली ‘प्रपंच’च्या सेटवर उभा राहिला. पार्श्वगायनाची रीत अशी की गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवलं जातं आणि नटाने ठरलेल्या मात्रेवर ओठ हलवायचे. वेग बदलायचा नाही, ओळ वाढवायची नाही. समोर गर्दी नाही, एक काच आहे. शाहिराची सगळी हत्यारं तिथे बोथट होतात. उरतो चेहरा आणि देह. माडगूळकरांनी १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ची कथा-पटकथा लिहिली होती, पडद्यावर शाहीर कसा गाजतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तिथे रामजोशी जयराम शिलेदारांनी उभा केला, गायक नटाने. आणि खराखुरा जिवंत शाहीर मात्र त्यांच्या कथेत कुंभार झाला. पोरांनी भरलेलं घर आणि रिकामी दुरडी, यांत पिचत गेलेला बाप. त्याच्या पश्चात धाकट्या भावाने, म्हणजे श्रीकांत मोघ्यांनी, तो भार उचलायचा, अशी ती गोष्ट.

मला वाटतं, ही निवड अचूक होती. पाणक्या, क्लीनर, गिरणी कामगार हा सगळा प्रवास त्या देहात होता आणि तो शिकवून येत नाही. कुंभाराच्या बायकोच्या भूमिकेतल्या सुलोचनाबाईंसमोर हा माणूस नवरा वाटतो, शाहीर वाटत नाही. आवाज काढून घेतल्यावरही अमर शेखांत किती शिल्लक होतं, याचा हा एकमेव पडताळा आपल्या हाती आहे, आणि मराठी चित्रपटाने तो पुरेसा पुढे नेला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९६२ साली चीनचं आक्रमण झालं. कम्युनिस्टांत तेव्हा काय गदारोळ माजला ते वेगळं सांगायला नको. दोनच वर्षांनी पक्ष फुटला. शेखांनी मात्र देशाच्या बाजूने गाणी रचली आणि ती गात हिंडले. मला त्यात पक्षत्यागाचं नाटक दिसत नाही. ‘धरतीमाता’ या नावाचा संग्रह काढणाऱ्याला दुसरं काय सुचणार होतं?

१९६९ चा पावसाळा मराठी मुलखावर फार वाईट गेला. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेख. वय ५२.

त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख तेव्हा बारा वर्षांची होती. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे तिचं आत्मकथन नामदेव ढसाळांसोबतच्या संसारासाठी वाचलं जातं. मी ते त्याच्या आधीच्या पानांसाठी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण सभेत दिसणारा शाहीर तिथे निव्वळ बाप म्हणून वावरतो. १९७९ साली तिचा ‘वाळूचा प्रियकर’ आला. त्या कवितेत डफ नाही, झील नाही, ती एकट्याने बसून वाचायची कविता आहे. ‘कलश’ही मी आता तसाच वाचतो, चाल विसरून, आणि ज्यांनी अमर शेखांना फक्त ऐकलं त्यांच्या हाती तो संग्रह द्यायला निघतो.