कालव्याच्या भिंतीवर अर्धा मैल इतिहास

मोहोळ तालुक्यात 'आवर्तन सुटलं' एवढंच म्हटलं, तरी उजनीच्या कालव्याला पाणी आलं हे पोरासोरांनाही कळतं. पण कालव्यात चित्रकला? लॉस एंजेलिसने ती करून दाखवलीय, तीही थेट पात्रात उतरून.

तुहंगा वॉश हा तिथला काँक्रीटने बांधून काढलेला पूरकालवा. चित्रकार जुडी बाका यांनी १९७६ मध्ये त्याची भिंत रंगवायला घेतली. हाताखाली ४०० हून जास्त तरुण पोरं, त्यातली बरीच कायद्याच्या कचाट्यात सापडलेली. काम फक्त उन्हाळ्यात. अशा पाच उन्हाळ्यांत सुमारे ८४० मीटर लांबीचं चित्र उभं राहिलं. विषयही गुळगुळीत नाहीत: मूळ रहिवासी, रेल्वेचे रूळ टाकणारे चिनी मजूर, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेली जपानी वंशाची कुटुंबं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत या भिंतीची नोंद झाली.

मोहोळकरांनी मात्र भिंत बघून निवडावी. इथल्या कालव्यांचे काठ उतरते. रंग लावला तरी पुढच्या आवर्तनात गाळ बसणार. त्यापेक्षा एखाद्या जलसेतूचे खांब बरे. अर्थात, आधी जलसंपदा खात्याची परवानगी काढूनच!