धक्काशोषक
खडकाळ वाटेने जीपगाडी जाऊ लागली, की तिची चाके सारखी वरखाली होतात. गाडीचा भार स्प्रिंगा पेलतात; परंतु एकदा दबलेली स्प्रिंग पुनःपुन्हा उसळत राहते. ही उसळी शमविण्याचे काम धक्काशोषक, म्हणजेच शॉक ॲब्सॉर्बर, करतो. त्याच्या नळीत तेल असते. चाकाबरोबर दट्ट्या हलला, की ते बारीक छिद्रांतून रेटले जाते व उसळीचा जोर उष्णतेच्या रूपाने ओसरतो.

धक्काशोषक निकामी असला, तर चाक जमीन सोडते. आणि अधांतरी चाक ना ब्रेकला जुमानते, ना सुकाणूला. म्हणून त्याची निवड मोजूनमापूनच करावी. चाक पुरते वर दाबले असता व पुरते खाली लोंबत असता, जोडणीच्या दोन टोकांमधील अंतर मोजावे. दबलेला धक्काशोषक पहिल्या मापाहून आखूड आणि ताणलेला दुसऱ्याहून लांब असला पाहिजे. नाही तर मोठ्या खड्ड्यात तो स्वतःच मोडतो.

रबरी बुशांतील बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच घट्ट आवळावेत. अन्यथा रबर पिळले जाऊन लवकर फाटते. एवढी दक्षता घेतली, तर बिकट वाटेवरही चाके जमीन धरून राहतात व प्रवासी सुखरूप पोचतात.