फोटो हलका, नजरेला तोच
फोटोची फाइल लहान केली की फोटो बिघडतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. डोळ्यांना उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगांतले बारीक फरक तितके कळत नाहीत; १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धत याचाच फायदा घेते. चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून ती सहसा न जाणवणारा तपशील गाळते. गाळलेलं परत मिळत नाही, हा आक्षेप रास्तच. म्हणून मूळ फाइल जपावी आणि दर वेळी तिच्यावरूनच प्रत काढावी. पण मोठी बचत त्याआधीच करता येते: ४०००×३००० पिक्सेलचा फोटो १२००×९०० केला, तर पिक्सेल साधारण एक-अकरांश उरतात आणि मोबाइलच्या उभ्या पडद्यावर फरक जवळपास दिसत नाही. सातबाऱ्याच्या स्क्रीनशॉटला मात्र जेपेग लावू नये. काना-मात्रांभोवती डाग उमटतात. तिथे तपशील न गाळणारं पीएनजीच हवं.